घडी बसली तरच बाहेर

पेशीच्या धड्यात एक वाक्य येतं, रफ ईआर (एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलम, पेशीतलं पडद्यांचं जाळं) प्रोटीन बनवते आणि गॉल्जी (पेशीतलं पॅकिंगचं खातं) ते पॅक करून बाहेर पाठवते, मुलं ते पाठ करतात, नीटला एमसीक्यू येतो, बरोबर सोडवतात, विषय संपला. मी नाशिकला कॉलेज रोडवर एका क्लासमध्ये बायोलॉजी शिकवते आणि हे वाक्य मला कायम खुपत आलंय, कारण मधला सगळा भाग त्यात गायबच आहे. प्रोटीन बनलं, ठीक आहे, पण ते बरोबर बनलंय का हे कोण बघतं? आणि नसेल बनलं तर तसंच बाहेर सोडतात का? यंदा निफाडकडच्या एका मुलीने नेमकं हेच विचारलं, "मॅडम, बिघडलेलं प्रोटीन जातं कुठं?" तास संपत आला होता, पुढची बॅच दारात उभी होती, दोन वाक्यांत उरकण्यासारखा प्रश्नच नव्हता तो. म्हणून इथे लिहितेय, तिच्यासाठी आणि अजून ज्याला कुणाला वाचायचं असेल त्याच्यासाठी.

आधी हे लक्षात घ्या की ही थोड्याथोडक्या प्रोटीन्सची गोष्ट नाहीये. आपल्या शरीरात जितक्या प्रकारची प्रोटीन्स आहेत त्यातली साधारण एक तृतीयांश ईआरमधून जातात. रक्तातलं अल्ब्युमिन, इन्सुलिन, अँटिबॉडी, कातडी आणि हाडांमधलं कोलॅजेन, जेवण पचवणारे एन्झाइम, शिवाय पेशीच्या कातड्यात म्हणजे मेंब्रेनमध्ये बसणारे सगळे रिसेप्टर आणि चॅनेल. यांच्या अमिनो आम्लांच्या साखळीच्या सुरुवातीलाच एक छोटा तुकडा असतो, त्याला सिग्नल म्हणतात, तो रायबोझोममधून, म्हणजे प्रोटीन बनवणाऱ्या यंत्रातून, बाहेर डोकावला रे डोकावला की अख्खा रायबोझोम ईआरच्या पडद्याला नेऊन चिकटवला जातो आणि साखळी बनता बनताच एका बारीक भोकातून आत सरकायला लागते. ही सिग्नलची कल्पना गुंटर ब्लोबेल यांची, १९९९ चं नोबेल त्यांना त्याबद्दलच मिळालं. म्हणजे प्रोटीन पूर्ण तयार होऊन ईआरमध्ये येत नाही, ते अर्धवट, सरळसोट, घडी न बसलेलं असं आत येतं. आणि आतमध्ये गर्दी तर इतकी असते की एका मिलिलिटरमागे १०० मिलिग्रॅमच्या आसपास प्रोटीन भरलेलं, अशा दाटीवाटीत प्रत्येक साखळीला आपापला आकार घ्यायचा असतो, शेजारच्या साखळीला न चिकटता.

आता आकार म्हणजे काय आणि तो ठरवतं कोण. अमिनो आम्लांची ही साखळी स्वतःभोवती दुमडून जी ठरावीक घडी घालते तोच तिचा आकार. इथे ख्रिश्चन अँफिन्सेन यांचं नाव घ्यावंच लागेल. त्यांनी रायबोन्यूक्लिएज नावाचं १२४ अमिनो आम्लांचं एक छोटं एन्झाइम घेतलं, युरिया आणि अजून एक केमिकल घालून त्याची घडी पूर्ण मोडली, आतले गंधकाचे बंध पण तोडले, आणि मग ती केमिकल्स काढून टाकली. एन्झाइम आपोआप पहिल्यासारखं झालं आणि कामाला लागलं. यात किती मोठी गोष्ट आहे बघा, त्या प्रोटीनमध्ये आठ सिस्टीन, म्हणजे गंधक असलेली अमिनो आम्लं, आहेत, त्यांच्या चार जोड्या लागतात, आणि या जोड्या १०५ वेगवेगळ्या प्रकारे लागू शकतात. त्यातला बरोबर प्रकार एकच, आणि तो त्या साखळीला स्वतःलाच सापडला. म्हणजे आकाराची सगळी माहिती अमिनो आम्लांच्या क्रमातच असते. याबद्दल त्यांना १९७२ चं नोबेल मिळालं.

हे शिकवलं की हुशार मुलं लगेच म्हणतात, मग मदतीची गरजच काय, आपोआप होतंय की. आणि हाच मुद्दा मला फार आवडतो, कारण खुद्द अँफिन्सेन यांनाच हा प्रश्न पडला होता. परीक्षानळीत ते एन्झाइम सावरायला बराच वेळ घेत होतं, पेशीत तर अशी प्रोटीन्स काही मिनिटांत तयार होतात, मग पेशीत काहीतरी असलं पाहिजे. ते शोधत गेले आणि १९६३ मध्ये त्यांच्याच लॅबमध्ये उंदराच्या लिव्हरमधून एक एन्झाइम सापडलं जे चुकीच्या गंधक-जोड्या सोडवून बरोबर लावून देतं. आज त्याला प्रोटीन डायसल्फाइड आयसोमरेज म्हणतात, थोडक्यात पीडीआय. ज्या माणसाने प्रोटीन आपोआप घडी घालतं हे दाखवलं त्यानेच त्याला मदतनीसही लागतो हे दाखवलं, आणि दोन्ही खरं आहे. क्रमात उत्तर आहे, पण गर्दीत, वेळेत आणि चुका न करता तिथवर पोचायचं तर मदत लागते.

इन्सुलिनचं उदाहरण घेऊ, कारण नाशिकमध्ये काय किंवा कुठेही काय, हल्ली कितीतरी घरांच्या फ्रिजच्या दारात इन्सुलिनचं पेन असतं. इन्सुलिन आधी ११० अमिनो आम्लांची एक लांब साखळी म्हणून बनतं. ईआरमध्ये शिरताना सुरुवातीची २४ कापली जातात, कारण तो सिग्नल होता, त्याचं काम झालं. उरली ८६, त्याला प्रोइन्सुलिन म्हणतात. यात दोन टोकांना इन्सुलिनचे दोन भाग आणि मधे त्यांना जोडणारा एक तुकडा. हा मधला तुकडा असल्यामुळे दोन्ही टोकं समोरासमोर येतात, तीन गंधक-बंध बरोबर लागतात, घडी बसते. घडी बसल्यावर हे पुढे गॉल्जीत आणि तिथून साठवणीच्या पिशव्यांमध्ये जातं, तिथे मधला तुकडा कापून काढतात आणि ५१ अमिनो आम्लांचं इन्सुलिन तयार होतं. तो कापलेला तुकडा फेकून देत नाहीत, तो इन्सुलिनबरोबरच रक्तात सोडला जातो, एकास एक.

आणि हेच आपल्या पॅथॉलॉजी लॅबवाल्यांच्या उपयोगाचं ठरतं. माझ्या मावशीला डॉक्टरांनी सी-पेप्टाइडची टेस्ट सांगितली तेव्हा घरात सगळे म्हणायला लागले की शुगर तर केली ना, इन्सुलिन तर बाहेरून चालूच आहे, मग हे अजून कशाला. सी-पेप्टाइड म्हणजे तोच मधला तुकडा. बाहेरून टोचलेल्या इन्सुलिनमध्ये तो नसतो. त्यामुळे रक्तात तो किती आहे यावरून कळतं की स्वादुपिंड स्वतः अजून किती इन्सुलिन बनवतंय. मावशीला हे सांगितल्यावर तिला आधी वाईट वाटलं आणि मग बरं वाटलं, कारण रिपोर्टमध्ये आकडा बऱ्यापैकी होता, म्हणजे तिच्या स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी अजून काम करत होत्या.

याच बीटा पेशींबद्दल एक प्रयोग आहे जो वाचल्यापासून माझ्या डोक्यातून गेलेला नाही. जपानमध्ये अकिता नावाचा एक उंदीर आहे, म्हणजे उंदरांचा वाण. उंदरात इन्सुलिनचे जीन दोन असतात, दोन्हीच्या दोन दोन प्रती, एकूण चार. अकिता उंदरात या चारपैकी एकाच प्रतीत चूक असते, आणि चूक किती तर एका सिस्टीनच्या जागी टायरोसिन आलंय, त्यामुळे एका गंधक-बंधाला जोडीदार मिळत नाही. तीन प्रती एकदम ठणठणीत. आपल्याला वाटेल पाऊणपट इन्सुलिन तर मिळेल, भागेल. पण त्या उंदराला चांगलाच डायबेटिस होतो! कारण ते बिघडलेलं प्रोइन्सुलिन ईआरमध्येच अडकून बसतं, चांगल्या प्रोइन्सुलिनलाही स्वतःत गुंतवतं, पेशीवर ताण वाढत जातो आणि शेवटी बीटा पेशी मरतात. माणसाच्या काही तान्ह्या बाळांमध्ये जन्मानंतर थोड्याच महिन्यांत डायबेटिस होतो, त्यातल्या काहींमध्ये इन्सुलिनच्या जीनमधले असेच बदल सापडलेत. बीटा पेशी जोरात असते तेव्हा मिनिटाला दहा लाखाच्या घरात प्रोइन्सुलिनचे रेणू बनवते असा अंदाज आहे. त्या वेगात थोडीशी जरी चूक ठरलेली असेल तर साचणारा ढीग केवढा होईल याचा विचार करा.

बरं, मग ईआर ओळखतं कसं की हे प्रोटीन बिघडलंय? इथे माझं खरं म्हणणं येतं. ईआर प्रोटीनचं काम बघत नाही. बघूच शकत नाही. इन्सुलिनचं काम रक्तातून स्नायूपर्यंत जाऊन तिथल्या रिसेप्टरला चिकटण्याचं, अँटिबॉडीचं काम जंतूला धरण्याचं, यातलं काहीच ईआरमध्ये तपासता येणार नाही, तिथे ना स्नायू ना जंतू. शिवाय तपासायची प्रोटीन्स हजारो प्रकारची. म्हणून ईआर फक्त आकार बघतं, आणि आकारही असा की कुठल्या प्रोटीनचा मूळ आकार काय हे त्याला माहीत नसतं. ते एवढंच बघतं की तेलकट भाग, म्हणजे पाण्यापासून लांब राहणारे, आत वळायला हवेत ते बाहेर उघडे तर नाहीत ना, सुटे सिस्टीन लोंबत तर नाहीत ना, घडी सैल तर नाही ना.

निफाड, दिंडोरी, पिंपळगावकडच्या मुलांना हे सांगताना मी एक्सपोर्टच्या पॅकहाऊसचं उदाहरण देते. तिथे बाया घड हातात घेतात, मण्याची साईज बघतात, १६ एमएमच्या खालचा मणी कात्रीने काढतात, डाग बघतात, आणि तो मणी चवीला कितीही गोड असला तरी चाखून बघत नाही कुणी. बारीक पण साखरेसारखा गोड मणी लोकलला नाहीतर बेदाण्याला जातो. ज्यांच्या घरी बाग आहे त्या मुलांना हे एका सेकंदात कळतं, आणि त्यातलं दुःखही कळतं.

आता प्रत्यक्ष यंत्रणा कशी चालते ते, कारण हा भाग खरंच सुंदर आहे आणि पाठ्यपुस्तकात त्याची एक ओळ पण नाही.

ईआरमध्ये शिरणाऱ्या बहुतेक प्रोटीन्सना आत आल्या आल्या साखरेची एक फांदी जोडली जाते. तयार फांदी, १४ साखरेच्या रेणूंची, दोन एन-अॅसिटिलग्लुकोसामाइन, नऊ मॅनोज आणि टोकाला तीन ग्लुकोज. ही कुठेही लागत नाही, साखळीत अॅस्परॅजिन, मग प्रोलिन सोडून काहीही एक, मग सेरिन किंवा थ्रिओनिन असा क्रम असेल तर त्या अॅस्परॅजिनला लागते. लागल्यावर लगेच टोकाचे दोन ग्लुकोज कापले जातात. उरलं एक. हे एक ग्लुकोज उरलेलं असेल तेव्हाच कॅलनेक्सिन आणि कॅलरेटिक्युलिन नावाची दोन प्रोटीन्स त्या साखळीला धरतात, आणि त्यांच्याबरोबर पीडीआयचाच एक भाऊबंद असतो तो गंधकाचे बंध लावायला मदत करतो. मग ते शेवटचं ग्लुकोज पण कापलं जातं, पकड सुटते, साखळी मोकळी होते. घडी नीट बसली असेल तर ती पुढे गॉल्जीच्या वाटेला लागते.

आणि नसेल बसली तर? तर एक एन्झाइम येतं, नाव मोठं आहे, यूडीपी-ग्लुकोज ग्लायकोप्रोटीन ग्लुकोसिलट्रान्सफरेज, सगळे यूजीजीटीच म्हणतात. अर्जेंटिनाच्या अर्मांडो पारोदी यांनी हे शोधलं. हे एन्झाइम साखळीला चाचपतं, उघडे तेलकट भाग लागले तर कापलेलं ग्लुकोज परत चिकटवतं. आणि घडी नीट असेल तर हातही लावत नाही. ग्लुकोज परत लागलं की कॅलनेक्सिन परत धरणार, परत प्रयत्न, परत सोडणार, परत तपासणी. असे फेरे चालू राहतात. मला यात सगळ्यात जास्त हे भावतं की नापास झालेल्याला लगेच फेकत नाहीत, परत संधी देतात, त्याच मदतनीसांकडे परत पाठवतात.

पण असं किती वेळ करणार? जे कधीच जमणार नाही त्याला कायम फिरवत ठेवलं तर बाकीच्यांना जागा नाही. म्हणून त्याच फांदीत वेळेचं मोजमाप पण बसवलंय. ईआरमध्ये एक मंद एन्झाइम असतं ते मॅनोज हळूहळू कापत राहतं. जे प्रोटीन लवकर घडी घालून निघून गेलं त्याचं फारसं काही कापलं जात नाही, पण जे रेंगाळलं त्याचे मॅनोज एकेक करून कमी होतात, आणि पुरेसे कमी झाले की त्या फांदीचा अर्थच बदलतो. आता ती फांदी वाचणारी दुसरीच प्रोटीन्स येतात आणि त्या साखळीला बाहेर काढण्याच्या वाटेला लावतात. म्हणजे 'अजून प्रयत्न कर' आणि 'आता बास' हे दोन्ही निरोप एकाच फांदीवर लिहिलेले, आणि दोन्ही निरोप लिहायला साखरेचे रेणू कापणं किंवा लावणं एवढीच भाषा.

सगळ्याच प्रोटीन्सना ही साखर लागते असंही नाही. अल्ब्युमिनला लागत नाही, प्रोइन्सुलिनला नाही. लिव्हर रोज १० ते १५ ग्रॅम अल्ब्युमिन बनवतं, प्रत्येक रेणूत १७ गंधक-बंध, आणि हे सगळं त्या साखरेच्या फांदीशिवाय. तिथे बाकीचे मदतनीस सांभाळतात, पीडीआय आणि त्याचे भाऊबंद, आणि बीआयपी नावाचं प्रोटीन.

बीआयपीवर थोडं थांबते. १९८३ मध्ये ते अँटिबॉडीच्या जड साखळीला चिकटलेलं सापडलं म्हणून त्याचं नाव तसं पडलं, बाइंडिंग इम्युनोग्लोब्युलिन प्रोटीन, इम्युनोग्लोब्युलिन म्हणजे अँटिबॉडीच. अँटिबॉडीत दोन जड आणि दोन हलक्या साखळ्या असतात हे बारावीच्या मुलांना माहीत असतं, तो वायच्या आकाराचा फोटो सगळ्यांनी काढलेला असतो. पण जड साखळीचा एक भाग असा आहे की तो एकटा असताना घडी घालतच नाही. घालूच शकत नाही, हलकी साखळी येऊन शेजारी बसली तरच त्याची घडी बसते. तोपर्यंत बीआयपी त्याला धरून ठेवतं, एटीपी म्हणजे पेशीचं इंधन खर्च करून. त्यामुळे अर्धवट अँटिबॉडी, म्हणजे हलक्या साखळीशिवायची, सहसा रक्तात सुटतच नाही. रोगाशी लढायला निघालेली प्लाझ्मा पेशी सेकंदाला हजारोंनी अँटिबॉडी सोडते आणि एवढ्या वेगातही हा नियम पाळते. आणि हे मदतनीस स्वतः मालाबरोबर चुकून बाहेर गेले तर? त्यांच्या शेवटी चार अमिनो आम्लांची एक खूण असते, लायसिन, अॅस्पार्टिक आम्ल, ग्लुटॅमिक आम्ल, ल्युसिन. गॉल्जीत ती खूण ओळखणारा रिसेप्टर असतो, तो त्यांना परत ईआरमध्ये आणून सोडतो.

आता त्या मुलीच्या मूळ प्रश्नाचं उत्तर, बिघडलेलं जातं कुठं. बरीच वर्षं लोकांना वाटायचं की ईआरच्या आतच कुठेतरी ते मोडत असतील. १९९५-९६ च्या सुमारास कळलं की नाही, ते ज्या बाजूने आलं त्याच बाजूला, म्हणजे बाहेर सायटोप्लाझममध्ये, परत ओढून काढलं जातं. पडद्यातल्या एका वाटेतून साखळी बाहेर डोकावते, तिला युबिक्विटिन नावाच्या छोट्या प्रोटीनच्या, 'हे मोडा' सांगणाऱ्या खुणा लावल्या जातात, पी९७ नावाचं इंजिन एटीपी जाळून तिला खेचून काढतं आणि प्रोटिअसोम तिचे तुकडे करतं. तुकड्यांची अमिनो आम्लं परत वापरात येतात. युबिक्विटिनचं काम शोधणारे चिकॅनोव्हर, हेर्शको आणि रोझ यांना २००४ चं केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं.

या मागच्या दाराचा गैरफायदा घेणारेही आहेत. कॉलऱ्याचं विष बघा. आजी सांगायची की सिंहस्थाच्या आधी कॉलऱ्याची लस टोचून घ्यायला लागायची, दंड सुजायचा. कॉलऱ्याचे जंतू आतड्यात विष सोडतात हे कलकत्त्याच्या शंभूनाथ डे यांनी १९५९ मध्ये दाखवलं, आणि या माणसाचं नाव आपल्या मुलांना माहीत नसावं याचं मला खरंच वाईट वाटतं. ते विष आतड्याच्या पेशीला बाहेरून चिकटतं आणि मग उलट्या दिशेने प्रवास करतं, पृष्ठभागावरून गॉल्जीत, गॉल्जीतून ईआरमध्ये, त्याच्याकडे तर परत आणणाऱ्या त्या चार अक्षरी खुणेसारखी खूण पण असते. ईआरमध्ये पोचल्यावर पीडीआय त्याची घडी सोडवतं, आणि ते बिघडलेल्या प्रोटीनसारखं दिसतं, म्हणून यंत्रणा त्याला बाहेर सायटोप्लाझममध्ये ढकलते. तिथे ते मोडलं जायला हवं, पण युबिक्विटिन लायसिनवर लागतो आणि या विषात लायसिन फारच कमी, म्हणून ते बचावतं, पटकन परत घडी घालतं आणि काम सुरू करतं. नियम आकाराचा आहे हे त्या जंतूने बरोबर पकडलं.

ईआरमध्ये बिघडलेला माल जास्त साचायला लागला तर पेशी काय करते हे ज्या जीवात कळलं तो जीव आपल्या नाशिकला अगदी घरचा, सॅकरोमायसिस सेरेव्हिसी, यीस्ट. गंगापूर धरणाकडच्या वायनरीत द्राक्षाच्या रसाची वाइन करतं तेच, पाव फुगवतं तेच. रँडी शेकमन यांनी १९७९ पासून याच यीस्टमध्ये प्रोटीन बाहेर सोडण्याचे जीन शोधले, काही म्युटंट, म्हणजे जीनमध्ये बदल झालेले यीस्ट, ३७ डिग्रीला नेले की माल आतच अडकून राहायचा, त्यावरून २३ जीन सापडले, त्या कामाला २०१३ चं नोबेल. आणि १९९३ मध्ये पीटर वॉल्टर यांच्या लॅबने आणि काझुतोशी मोरी यांनी वेगवेगळं काम करून यीस्टमध्ये आयआरई१ हे एकच प्रोटीन शोधलं, ईआरच्या पडद्यात बसलेलं, आत डोकं, बाहेर हात. आत बिघडलेला माल वाढला की ते जागं होतं आणि बाहेरच्या बाजूला एका विशिष्ट आरएनएमधला तुकडा कापतं, कापल्यावर त्या आरएनएपासून असं प्रोटीन बनतं जे न्यूक्लियसमध्ये जाऊन सांगतं की मदतनीस वाढवा, ईआर मोठं करा, बाहेर काढायची सोय वाढवा. आपल्यातही हेच आहे, त्या आरएनएतून २६ अक्षरांचा तुकडा निघतो. उंदरात हा निरोपच काढून टाकला तर अँटिबॉडी सोडणाऱ्या प्लाझ्मा पेशी तयारच होत नाहीत.

आपल्याकडे आयआरई१ शिवाय अजून दोन पहारेकरी आहेत, एटीएफ६ आणि पर्क. पर्कचं काम नवीन प्रोटीन बनवणं तात्पुरतं मंद करणं, आधीचं निस्तरेपर्यंत आत येणारा लोंढा कमी करणं. ज्या बाळांच्या दोन्ही प्रतींमध्ये पर्कचा जीन बिघडलेला असतो त्यांना अगदी लहानपणीच डायबेटिस होतो. म्हणजे बीटा पेशीला जोरात काम करता येणं जितकं गरजेचं तितकंच थांबता येणं. टाइप २ डायबेटिसमध्येही इन्सुलिनची मागणी वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की बीटा पेशींच्या ईआरवर असाच ताण येतो आणि तो पेशी थकण्याच्या कारणांपैकी एक धरला जातो. आणि ताण संपलाच नाही तर हीच यंत्रणा पेशीला मरायला सांगते. मल्टिपल मायलोमा हा प्लाझ्मा पेशींचाच कॅन्सर, त्यावरचं बोर्टेझोमिब हे २००३ मध्ये मंजूर झालेलं औषध प्रोटिअसोम बंद करतं, अँटिबॉडी बनवून बनवून आधीच काठोकाठ भरलेल्या त्या पेशींना माल मोडायची सोयच राहत नाही आणि त्या मरतात.

आता परत माझ्या मुद्द्यावर, ईआर आकार बघतं, काम बघत नाही. याची सगळ्यात मोठी किंमत सिस्टिक फायब्रोसिसची मुलं मोजतात, फुप्फुसं आणि पचन बिघडवणारा हा जन्मजात आजार. सीएफटीआर नावाचं १४८० अमिनो आम्लांचं एक चॅनेल आहे, फुप्फुस, स्वादुपिंड, घामाच्या ग्रंथी यांच्या पेशींच्या मेंब्रेनमध्ये बसतं आणि क्लोराइड ये-जा करू देतं. १९८९ मध्ये त्याचा जीन सापडला आणि कळलं की सगळ्यात जास्त रुग्णांमध्ये ५०८ व्या जागेवरचं एक फिनाइलअॅलनिन गळालेलं असतं. १४८० मधलं एक. हे प्रोटीन नीट घडी घालत नाही, ईआर त्याला अडवतं आणि जवळजवळ सगळंच मोडून टाकतं. पेशीच्या पृष्ठभागावर काही पोचतच नाही.

पण १९९२ मध्ये असं दिसलं की हेच म्युटंट असलेल्या पेशी २७ डिग्रीच्या आसपास, म्हणजे शरीरापेक्षा थंड ठेवल्या तर त्यातलं काही प्रोटीन घडी घालून पृष्ठभागावर पोचतं, आणि पोचल्यावर क्लोराइड सोडतं. कमी सोडतं, पण सोडतं! काम करू शकणारं प्रोटीन दारातच अडवलं जात होतं. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला रात्री झोप लागली नव्हती. आणि तरी यंत्रणेला दोष देता येत नाही, कारण बिघडलेलं प्रोटीन किती घातक ठरतं तेही आपण अकिता उंदरात बघितलंय. कडक राहिलं तर कधी कधी कामाचं फेकलं जाणार, सैल राहिलं तर बिघडलेला माल बाहेर जाणार, आणि उत्क्रांतीने कडकपणाच निवडलेला दिसतो.

पण या शोधानंतर औषधाची दिशा स्पष्ट झाली, प्रोटीन दुरुस्त करायचं नाही, त्याला तपासणीतून पार व्हायला मदत करायची. एलेक्साकॅफ्टर आणि टेझाकॅफ्टर हे दोन रेणू म्युटंट सीएफटीआरला चिकटून घडी बसायला आधार देतात, तिसरं आयव्हाकॅफ्टर पृष्ठभागावर पोचलेलं चॅनेल उघडं राहायला मदत करतं. या तिघांच्या एकत्र गोळीला अमेरिकेत ऑक्टोबर २०१९ मध्ये मंजुरी मिळाली. फुप्फुसाच्या प्रत्यारोपणाची वाट बघणारे काही लोक त्या यादीतून बाहेर आले. तिथली किंमत मात्र वर्षाला तीन लाख डॉलरच्या वर, आणि आपल्याकडच्या साध्या घरातल्या मुलाला ती मिळणं आज फार अवघड आहे, हे मला अन्यायाचं वाटतं आणि मी ते वर्गातही तसंच सांगते.

आपल्याकडे तर आजार ओळखलाच जात नाही हा आधीचा प्रश्न आहे. सिस्टिक फायब्रोसिस गोऱ्या लोकांचा आजार असं अजून बऱ्याच जणांना वाटतं, पण भारतातही ही मुलं आहेत. परत परत न्यूमोनिया, खोकला जातच नाही, भूक चांगली पण वजन वाढत नाही, शी तेलकट आणि घाण वासाची, आणि पापा घेतला की बाळ खारट लागतं, असं असेल तर बालरोगतज्ज्ञांना घामातल्या क्लोराइडच्या टेस्टबद्दल नक्की विचारा. टेस्टमध्ये सुई नसते, हातावर थोडा घाम आणवतात आणि गोळा करून मोजतात, लिटरला ६० मिलिमोल किंवा त्याहून जास्त आलं तर सिस्टिक फायब्रोसिसची शक्यता खूप मोठी, मग जीनची तपासणी करतात. औषध महाग असलं तरी निदान लवकर झालं तर स्वादुपिंडाचे एन्झाइम, जास्त मीठ आणि कॅलरी, छातीची फिजिओथेरपी, वेळेवर अँटिबायोटिक हे सगळं करता येतं आणि त्याने त्या मुलाची कितीतरी वर्षं वाढतात.